हायडा स्कॅनला जाताय? किती तास उपाशी राहायचं, कुठली गोळी थांबवायची, टेबलावर काय होतं, सगळं एकदा नीट

डॉक्टरांनी चिठ्ठीवर हायडा स्कॅन, म्हणजे पित्ताशयाच्या पिशवीची आणि पित्तनळ्यांची तपासणी, लिहून दिलं की लोक आधी जवळच्या सोनोग्राफी सेंटरला फोन लावतात, तिथे हा स्कॅन नसतोच, मग कोणीतरी सांगतं की न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांकडे जा, आणि न्यूक्लिअर हा शब्द कानावर पडला की घरात बैठक बसते. खरं तर पेशंटच्या बाजूने बघितलं तर तपासणी साधी आहे, हाताच्या शिरेत एक सुई आणि मग नुसतं पडून राहायचं. अडचण येते ती तयारीत. सोनोग्राफीची तयारी चुकली तर फार तर चित्र नीट दिसत नाही, पण हायडाची तयारी चुकली तर रिपोर्ट सरळ उलटा येऊ शकतो, म्हणजे ठणठणीत पिशवी ब्लॉक झालेली दिसू शकते आणि पुढचे निर्णय त्यावर होतात. मी याच डिपार्टमेंटमध्ये टेक्निशियन आहे, आणि ज्या गोष्टी लोकांना टेबलावर झोपल्यावर आठवतात त्या आदल्या दिवशीच आठवाव्यात म्हणून हे लांबलचक लिहितोय.

हे चालतं कसं ते आधी सांगतो, कारण ते कळलं की तयारीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. यकृत पित्त बनवतं, ते पित्ताशयात म्हणजे गॉलब्लॅडरच्या पिशवीत साठतं, आपण काही खाल्लं, विशेषतः तेलतुपाचं, की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं हॉर्मोन सुटतं आणि पिशवी आवळून पित्त खाली सोडते. हायडामध्ये मेब्रोफेनिन नावाच्या औषधाला टेक्निशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडून शिरेतून देतात. यकृत त्याला बिलिरुबिनसारखंच रक्तातून उचलतं आणि पित्तात टाकतं, आणि गॅमा कॅमेरा बाहेरून बघत बसतो की ते यकृतातून नळीत, नळीतून पिशवीत आणि आतड्यात किती मिनिटांनी पोचलं. कॅमेऱ्यातून काही किरण निघत नाहीत, किरण तुमच्या पोटातून निघतात आणि कॅमेरा ते फक्त टिपतो. सोनोग्राफीत पिशवीचा आकार, भिंतीची सूज, आतले खडे दिसतात. हायडात खडा दिसत नाही, पण पिशवीची नळी उघडी आहे की बंद आणि पिशवी काम करते की नाही हे कळतं. त्यामुळे "सोनोग्राफी झाली होती की, मग हे परत कशाला" हा प्रश्न मनातून काढून टाका.

आता पहिली पायरी, आणि ही बहुतेक जण सोडतात. डॉक्टरांना विचारा की हा स्कॅन नेमका कशासाठी सांगितलाय. उजव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखून ताप आलाय आणि पिशवीला तीव्र सूज आहे का बघायचंय, हे एक कारण. सोनोग्राफी नॉर्मल, खडे नाहीत, तरी जेवल्यावर सारखं दुखतंय म्हणून पिशवी किती टक्के रिकामी होते ते मोजायचंय, हे दुसरं, याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात आणि रिपोर्टमध्ये ईएफ असं लिहितात. पिशवीचं ऑपरेशन झालंय आणि पोटात पित्त गळतंय अशी शंका आहे, हे तिसरं. आणि चौथं म्हणजे तान्ह्या बाळाची कावीळ, त्याचं खाली वेगळं लिहिलंय. कारणाप्रमाणे वेळ बदलतो, सोबत काय न्यायचं ते बदलतं, कुठल्या गोळ्या थांबवायच्या तेही बदलतं, आणि चिठ्ठीवर नुसतं "हायडा" लिहिलेलं असेल तर आम्हालाच डॉक्टरांना फोन करत बसावं लागतं आणि तोपर्यंत तुम्ही बाहेर उपाशी. चिठ्ठीवर "ईएफसह" किंवा "बाइल लीकसाठी" एवढं लिहून घेतलंत तरी अर्धं काम झालं.

अपॉइंटमेंट घेताना एक लक्षात ठेवा, हे औषध कपाटात ठेवून देता येत नाही. टेक्निशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होत जातं. ते जनरेटर नावाच्या यंत्रातून रोज सकाळी काढतात, त्या जनरेटरमधलं मॉलिब्डेनम-९९ साधारण ६६ तासांत निम्मं होतं, म्हणून जनरेटरही ठराविक दिवसांनी नवीन मागवावा लागतो. त्यात ज्या पावडरची कुपी मिसळतात तशा कुप्या आपल्याकडे ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था नवी मुंबईत वाशीला बनवते. सांगायचा मुद्दा हा की तुमचा डोस तुमच्या वेळेच्या हिशोबाने काढलेला असतो, दोन तास उशिरा आलात किंवा न सांगता आलाच नाहीत तर तो वाया जातो. उलटही होतं, जनरेटरची गाडी लेट झाली की सेंटरच तुमची तारीख पुढे ढकलतं. बाहेरगावाहून येत असाल तर आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून "उद्याचं नक्की ना" एवढं विचाराच, रात्रीच्या एसटीने उपाशीपोटी येऊन परत जाणारे लोक बघवत नाहीत. त्याच फोनमध्ये पैशाचंही विचारून घ्या, सांगितलेल्या रकमेत ईएफ धरलंय का, उशिराचे फोटो काढावे लागले तर वेगळे पैसे का. मेडिक्लेम असेल तर अ‍ॅडमिट न होता केलेली तपासणी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही, पण पुढे त्याच आजारासाठी अ‍ॅडमिट झालात तर आधीच्या काही दिवसांचा खर्च मागता येतो, तेव्हा पक्कं बिल आणि चिठ्ठी जपून ठेवा.

आता उपाशी राहण्याचं. इथे सगळ्यात जास्त गडबड होते आणि ती दोन्ही बाजूंनी होते.

मोठ्या माणसाने स्कॅनच्या आधी किमान ४ तास काही खायचं नाही, बरीच सेंटर्स ६ तास सांगतात, तुमचं सेंटर जे सांगेल ते धरा. साधं पाणी चालतं. दुधाचा चहा चालत नाही, अर्धा कपसुद्धा नाही, आणि "फक्त चहा घेतला, बाकी काही नाही" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकतो की आता विचारतानाच चहाचं वेगळं विचारतो. दुधात फॅट असतं, फॅट पोटात गेलं की ते हॉर्मोन सुटतं, पिशवी आवळायला लागते आणि आवळलेल्या पिशवीत औषध शिरत नाही. कॅमेऱ्याला कुठून कळणार की तुम्ही चहा प्यालात म्हणून पिशवी दिसत नाहीये की नळीत खडा अडकलाय म्हणून? आणि उपाशी म्हणजे खरंच उपाशी, त्या दिवशी चतुर्थी असेल तर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी यातलं काहीही नाही, उलट खिचडीत तूप आणि दाण्याचं कूट म्हणजे पिशवीसाठी मेजवानीच.

दुसरी बाजू लोकांना माहीतच नसते. जास्त उपाशी राहिलात तरी स्कॅन बिघडतो. २४ तासांच्या वर पोटात काही गेलं नसेल तर पिशवी घट्ट पित्ताने गच्च भरून बसते, नवीन पित्ताला आत जागाच नसते, आणि पुन्हा तेच, पिशवी दिसत नाही. त्यामुळे "चांगला रिपोर्ट यावा म्हणून कालपासूनच काही खाल्लं नाही" असा उत्साह नको. निर्जळी एकादशी, नवरात्राचे कडक उपवास, रोजे, किंवा दुखतंय म्हणून दोन दिवस जेवणच गेलं नाही, हॉस्पिटलमध्ये फक्त सलाईनवर आहे, शिरेतून पोषण चालू आहे, यातलं काहीही असेल तर सुई टोचायच्या आधी सांगा. लपवण्यासारखं त्यात काही नाही, त्यावर उपाय असतो, पिशवी आधी रिकामी करणारं औषध देऊन अर्ध्या तासाने सुरू करता येतं किंवा तारीख एक दिवस पुढे घेऊन रात्री नीट जेवून या असं सांगता येतं. मी लोकांना असं सांगतो की आदल्या रात्री आठ-साडेआठला नेहमीचं जेवण करा, वरण भात भाजी पोळी, मुद्दाम तळलेलं मटण वगैरे नको आणि मुद्दाम उपासही नको, मग सकाळी ९-१० च्या स्कॅनला बरोबर जमतं. दुपारचा स्कॅन असेल तर सकाळी लवकर हलका नाश्ता करून चालेल का ते सेंटरला विचारून घ्या.

शुगरवाल्यांनी सकाळचीच वेळ मागा. गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं की नाही हे तुमच्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा, स्वतःच्या मनाने ठरवू नका, उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन शुगर खाली आलेला माणूस टेबलावर असणं हे स्कॅन चुकण्यापेक्षा कितीतरी वाईट. घाम फुटला, थरथरलं तर खिशातली साखर किंवा ग्लुकोज खा आणि आम्हाला सांगा, स्कॅन नंतरही करता येतो.

गोळ्यांचं प्रकरण. पोटात दुखतंय म्हणूनच तर माणूस इथवर आलेला असतो, म्हणजे दुखण्यावरची गोळी घेतलेली असणारच. त्यात दोन प्रकार अडचणीचे. एक, ट्रामाडॉल, मॉर्फिन, पेंटाझोसिन म्हणजे फोर्टविनचं इंजेक्शन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, फेंटानिलचा पॅच. हे पित्ताच्या नळीच्या तोंडाशी असलेली झडप आवळतात, स्कॅनचं औषध आतड्यात उतरत नाही आणि नळी अडली आहे असं चित्र येतं. ही औषधं साधारण ६ ते १२ तास आधी बंद करायला सांगतात, काही लांब चालणारी त्याहून आधी. दुसरा प्रकार म्हणजे पोटातली कळ थांबवणारी, डायसायक्लोमिन असलेली औषधं, सायक्लोपाम, मेफ्टाल स्पास ही नावं सगळ्यांच्या ओळखीची. ही पिशवीचं आवळणं कमी करतात, म्हणजे ईएफ मोजायचा असेल तर आकडा खोटा कमी येतो. महाराष्ट्रात अशी गोळी नसलेलं घर विरळाच, आणि लोक तिला औषध धरतच नाहीत, "कुठली औषधं चालू आहेत" विचारलं की बीपी शुगरची नावं सांगतात आणि रात्री घेतलेली मेफ्टाल विसरतात. याशिवाय निफेडिपिन, प्रोजेस्टेरॉन, ऑक्ट्रिओटाइड, झोपेच्या काही गोळ्या यांचाही ईएफवर परिणाम होतो. सोपा मार्ग, गेल्या दोन-तीन दिवसांत पोटात किंवा शिरेत गेलेल्या सगळ्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या एका पिशवीत घालून आणा नाहीतर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बंद काय करायचं ते डॉक्टर सांगतील, बीपी आणि हार्टच्या गोळ्या स्वतःहून अजिबात थांबवू नका. कळ असह्य असेल तर साधं पॅरासिटामॉल चालतं का ते विचारा, बहुतेक वेळा चालतं.

तंबाखू, मिश्री, गुटखा, सिगारेट त्या दिवशी बंद, निकोटिनने पिशवी रिकामी होणं मंदावतं. दारू आदल्या दिवसापासूनच नको. तंबाखू लोक खाण्यात मोजत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

गेल्या आठवड्यात बेरियम पिऊन एक्सरे काढलाय का, दुसरा कुठला न्यूक्लिअर स्कॅन झालाय का, हेही सांगा, कारण ते पोटात शिल्लक असेल तर चित्रात मध्ये येतं. बाईंनी पाळी चुकली असेल, दिवस असण्याची थोडीही शक्यता असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं, सासूबाई शेजारी बसल्यात म्हणून फॉर्मवर खूण न करणाऱ्या मुली बघितल्यात मी, तसं वाटलं तर रिसेप्शनवर नाही, आत आल्यावर सिस्टरना एकटीने सांगा. अंगावर पाजणाऱ्या आईने पण सांगा, काही सेंटर्स थोड्या तासांसाठी दूध काढून टाकायला सांगतात, तेव्हा आधीच काढून फ्रीजमध्ये ठेवलेलं असलं की बाळाचे हाल होत नाहीत.

सोबत काय न्यायचं तर सोनोग्राफीचा रिपोर्ट, सीटी किंवा एमआरसीपी म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय झाला असेल तर ते, ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, आणि लिव्हर फंक्शन टेस्ट नक्की. बिलिरुबिन जास्त असेल तर यकृत औषध कमी उचलतं, डोस थोडा वाढवावा लागतो, तो आकडा समोर असला की बरं. कपडे सैल, शक्यतो इलॅस्टिकची पँट किंवा सलवार. पोटावर येणारं लांब मंगळसूत्र, बेल्ट, धातूची बटणं, खिशातली चिल्लर आणि मोबाईल बाजूला काढावं लागतं.

ईएफ करायचा असेल तर आणखी एक गोष्ट न्यायची असते, दूध. परदेशात पिशवी आवळायला सिन्कलाइड नावाचं इंजेक्शन ६० मिनिटं हळूहळू देतात, आपल्याकडे ते सगळीकडे सहज मिळत नाही, म्हणून फॅटी मील देतात, म्हणजे फुल क्रीम दूध, कुठे सोबत चॉकलेट, कुठे ब्रेड बटर. सेंटर जे आणि जेवढं सांगेल तेच आणि तेवढंच आणा. इथे लोक पथ्य म्हणून टोन्ड दूध घेऊन येतात आणि सगळं वाया जातं. फुल क्रीम दुधात ६ टक्के फॅट असतं, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. म्हणजे २०० मिली फुल क्रीममधून साधारण १२ ग्रॅम फॅट जातं, टोन्डमधून ६, आणि १० ग्रॅमच्या आसपास तरी फॅट गेल्याशिवाय पिशवी मनापासून आवळत नाही. दूध पचत नसेल, जुलाब होत असतील तर आधी सांगा म्हणजे दुसरं काही ठरवता येईल. आणि ते दूध रांगेत बसल्या बसल्या पिऊन टाकू नका, हेही झालंय.

टेबलावर काय होतं. पाठीवर झोपवतात, शिरेत छोटी सुई म्हणजे कॅन्युला लावतात, औषध देतात, त्याने गरम वगैरे काही वाटत नाही. कॅमेऱ्याचं चौकोनी तोंड पोटाच्या अगदी जवळ आणतात. एमआरआयसारखी बोगद्यात घालायची गोष्ट नाही, आवाजही नाही, श्वास रोखायचा नाही, फक्त हलायचं नाही. साधारण तासभर मिनिटामिनिटाला चित्र घेतलं जातं. बाथरूमला आधीच जाऊन या. गुडघ्याखाली उशी मागा, कोणी नाही म्हणत नाही, आणि कंबरेचा त्रास असेल तर तासाभराच्या मध्ये उठण्यापेक्षा सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

६० मिनिटांत पिशवी दिसली तर तिची नळी उघडी आहे, तीव्र सुजेची शक्यता फार कमी. नाही दिसली तर लगेच हाय खाऊ नका, दोन रस्ते असतात. एक म्हणजे ३ ते ४ तासांपर्यंत थांबून परत फोटो काढायचे. दुसरा, शिरेतून अगदी थोडं मॉर्फिन देऊन आणखी अर्धा तास बघायचं, त्याने खालची झडप आवळते आणि पित्ताला पिशवीकडे वळावं लागतं. हो, आधी जे टाळायला सांगितलं तेच, पण इथे ते मोजून आणि मुद्दाम दिलेलं असतं. मॉर्फिन दिलं असेल तर परत जाताना गाडी स्वतः चालवायची नाही, म्हणून सोबत कोणीतरी हवंच. पित्त गळतीसाठी असेल तर कधीकधी दुसऱ्या दिवशी म्हणजे २४ तासांनीही फोटो लागतो. एकूण काय, त्या दिवशी दुपारची मीटिंग, परतीचं चारचं रिझर्व्हेशन असलं काही ठेवू नका. आणि मध्ये थांबायला सांगितलं की खायला परवानगी आहे का ते विचारल्याशिवाय कँटीनकडे वळू नका.

ईएफच्या वेळी दूध प्यायल्यावर किंवा इंजेक्शन चालू असताना नेहमीसारखी कळ आली, मळमळलं तर ते सांगा, आम्ही लिहून घेतो. मात्र नुसती कळ आली म्हणजे पिशवी खराब असा त्याचा अर्थ होत नाही.

तान्ह्या बाळांचं. दोन आठवडे उलटूनही कावीळ उतरत नाही आणि शी पांढरट, खडूसारखी होते, तेव्हा पित्तनळ्याच बंद आहेत का, म्हणजे बिलिअरी अ‍ॅट्रेशिया आहे का हे बघायला हायडा सांगतात. त्याआधी यकृताला चालना मिळावी म्हणून बाळाला फेनोबार्बिटोन साधारण ५ दिवस देतात, वजनाप्रमाणे किलोला रोज ५ मिलिग्रॅम दोन वेळात विभागून, पण हे बालरोगतज्ज्ञांनीच लिहून द्यायचं. त्याने बाळ थोडं झोपाळू होतं, घाबरू नका, पण एकही डोस चुकवू नका कारण मग स्कॅनचा अर्थ लावणं अवघड होतं. उपाशी ठेवायचं ते २ तासांच्या आसपास, मोठ्यांचा नियम बाळाला लावायचा नाही. दुपटं, जास्तीचे डायपर, फीडची तयारी ठेवा, २४ तासांनी परत बोलावतील असं धरूनच या. औषध आतड्यात दिसलं तर हा आजार नाही हे जवळजवळ नक्की, नाही दिसलं तर पुढच्या तपासण्या लागतात. आणि इथे मी जरा कडक बोलतो, कारण या आजाराचं कासाई ऑपरेशन, ज्यात पित्ताला यकृतातून आतड्यात वाट करून देतात, ते बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झालं तर फायदा जास्त. तेव्हा "उन्हात ठेवा, उतरेल कावीळ" ऐकत महिना घालवू नका, आणि स्कॅनची तारीख लांबची मिळत असेल तर डॉक्टरांना सांगून दुसरं सेंटर शोधा.

किरणोत्साराची भीती. मोठ्या माणसाला साधारण ३ ते ५ मिलिक्युरी देतात आणि त्यातून शरीराला ३ मिलिसिव्हर्टच्या आसपास किरण मिळतात. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, यावरून अंदाज घ्या. केस गळत नाहीत, मूल होण्यावर परिणाम होत नाही. मुंबईत परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून चालू आहे, म्हणजे ही काल आलेली भानगड नाही. स्कॅन झाल्यावर भरपूर पाणी, नेहमीचं जेवण, लगेच. औषध पित्तातून शीवाटे बाहेर पडतं म्हणून दिवसभर फ्लश दोनदा करा, हात साबणाने धुवा, बाळाचे डायपर बदलल्यावर पण. लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर त्या संध्याकाळी मांडीवर घेऊन बसणं टाळा, दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं. एक-दोन दिवसांत विमानाने परदेशी जाणार असाल तर डिपार्टमेंटकडून पत्र घ्या, काही विमानतळांवर किरणोत्सार पकडणारी यंत्रं असतात आणि ती अगदी थोड्यावरही वाजतात.

रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. ईएफचा आकडा बघताना कशावर केलाय ते बघा, ६० मिनिटांच्या सिन्कलाइडवर ३८ टक्के किंवा जास्त म्हणजे नॉर्मल, दुधाच्या पद्धतीत प्रत्येक सेंटरची मर्यादा वेगळी असते आणि ती रिपोर्टवर लिहिलेली असायला हवी, नसेल तर विचारा. एका सेंटरचा आकडा दुसऱ्याशी ताडून बघण्यात अर्थ नाही. आकडा कमी आला म्हणून लगेच पिशवी काढा असंही नाही, दुखणं तसंच आहे का, दुसरं कारण सापडलं का हे सर्जन बघतात. रिपोर्टसोबत चित्रांची सीडी मागून घ्या, आणि स्कॅनच्या दिवशी चुकून चहा झाला होता, गोळी झाली होती असं नंतर आठवलं तर तेही सर्जनना सांगा, मग त्यांना ठरवता येतं की या रिपोर्टवर जायचं की स्कॅन परत करायचा.